फ्रेडीच्या जागा

गेल्या शनिवारी बाणेरच्या एका पबमध्ये एका मुलाची मिशी गळून पडली. चौथं गाणं चालू होतं. मिशी खोटी, अंगात पिवळं जॅकेट, पांढऱ्या पँटला लाल पट्टी, हातात अर्धाच माइक स्टँड. म्हणजे क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, १९८६ च्या वेम्ब्लीतला, जसाच्या तसा. पोराने मिशी उचलली, खिशात टाकली आणि पुढचं कडवं धरलं. टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या.

मुलगा वाईट गात नव्हता, तेच तर दुखणं. आवाज चांगला, दमसास चांगला. पण फ्रेडी जिथे श्वास घ्यायचा तिथेच हा श्वास घेत होता, तो जिथे मान झटकायचा तिथेच हा झटकत होता. तासाभराने मला स्टेजवर माणूस दिसेनासा झाला, नुसतं जॅकेट दिसायला लागलं. रिक्षात लेक म्हणाली, "आई, एवढं काय चिडायचं? ट्रिब्यूट होतं ते." तिचा कॉलेजात बँड आहे, ती बेस वाजवते आणि पुढच्या महिन्यात त्यांना असाच क्वीनचा कार्यक्रम करायचा आहे. मी म्हटलं, घरी चल, सांगते. घरी पोचेपर्यंत ती झोपली. म्हणून इथे लिहितेय.

श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात दुसऱ्याचं गाणं गायचं कसं, यावर माझी मतं फार जुनी आणि फार पक्की आहेत. ती घडवली एका व्हिडिओ कॅसेटने आणि एका पेटीवाल्याने. पेटीवाला म्हणजे माझे बाबा.

आधी कॅसेट. फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला. आपल्याला एड्स आहे हे त्याने जगाला सांगितलं ते आदल्याच दिवशी. पाच महिने व्हायच्या आत, २० एप्रिल १९९२ ला, ईस्टरच्या सोमवारी, क्वीनच्या उरलेल्या तिघांनी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये त्याच्या नावाने मैफल मांडली. बहात्तर हजार लोक आले. तिकिटं काही तासांत संपली होती, तीही कोण कोण गाणार हे जाहीर व्हायच्या आधी. जमलेल्या पैशांतून मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला, एड्सच्या कामासाठी. लंडनला असलेल्या एका लांबच्या काकांनी दुसरा भाग टीव्हीवरून टेप केला आणि त्यांच्या सामानातून दिवाळीत ती कॅसेट आमच्या एरंडवण्याच्या दोन खोल्यांत आली. मी तेव्हा बारावीला.

त्याच वर्षी भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. आमच्या सोसायटीत मात्र तो शब्द जिन्यात, तोही आवाज खाली करून, उच्चारायचा होता. कॅसेटच्या खोक्यावर काकांनी बॉलपेनने लिहिलेली ओळ वाचून आईने विचारलं होतं, "हे काय घरात आणलंस?"

खरं तर फ्रेडी आमच्या घरच्या रस्त्यावरचा. झांझिबारचा पारशी मुलगा, फारुख बुलसारा, आठव्या वर्षी पाचगणीला सेंट पीटर्समध्ये बोर्डिंगला येऊन पडला. तिथे पियानो शिकला, पोरांना जमवून हेक्टिक्स नावाचा बँड काढला. आमची शाळेची सहल पाचगणीला गेली तेव्हा बाईंनी टेबललँड दाखवलं, स्ट्रॉबेरी घ्यायला लावली, घाटात कुणाला उलटी झाली तर पिशव्या दिल्या. याबद्दल अवाक्षर नाही.

व्हीसीआर आमच्याकडे नव्हता. दिवाळीत चोवीस तासांच्या बोलीवर भाड्याने आणायचा, सोबत तीन सिनेमे. बाबा बँकेत होते, भाडं भरलेली वस्तू बंद पडलेली त्यांना बघवत नसे. सिनेमे संपले आणि व्हीसीआर परत करायला पाच तास उरले, म्हणून ते माझ्याबरोबर ही कॅसेट बघायला बसले. रॉकबद्दल त्यांचं मत तोवर एका शब्दाचं होतं, आणि तो शब्द इथे लिहिण्यासारखा नाही.

बाबा हौशी पेटीवादक. भजनी मंडळं, नाट्यसंगीताचे घरगुती कार्यक्रम, पुण्यतिथ्या. बालगंधर्वांच्या, म्हणजे नारायणरावांच्या, पदांना तर त्यांनी किती जणांना साथ केली असेल याची मोजदाद नाही. त्यातून त्यांचा एक सिद्धांत तयार झालेला. "लोक पद नारायणरावांचं घेतात ते ठीक," ते म्हणायचे, "पण जागाही, म्हणजे गाण्यातल्या खास हरकतीही, त्यांच्याच घेतात. आणि हरकत संपली की इकडे-तिकडे बघतात, कुणी वा म्हणतंय का. दुसऱ्याच्या जागेत राहायला गेलं की भाडं भरावं लागतं." समोर भाड्याचा व्हीसीआर होता, त्यामुळे हे वाक्य त्या दिवशी मला जरा जास्तच पटलं.

तर मैफलीत गायला आलेले पाहुणे.

सुरुवातीची दोनतीन गाणी मी भराभर सांगते, कारण बाबांनी तीच वेळ साधून चहा मागितला होता. डेफ लेपर्डचा ज्यो इलियट आला, सोबत गिटारवाला स्लॅश. धावपळ, दणका, ठीक. द हू या बँडचा रॉजर डाल्ट्री ‘आय वॉन्ट इट ऑल’ला आला. हा माइक वायरीला धरून गोफणीसारखा फिरवणारा गडी. राखणीला आलाय की गायला, असं बाबांनी विचारलं. मला तो आवडला. त्याच्या अंगात गाणं नसलं तरी गाण्याचा माज होता आणि त्या गाण्याला माजच लागतो. त्सुकेरो हा इटालियन गृहस्थ आईला आवडला. बास.

मेटॅलिका या बँडचा जेम्स हेटफील्ड ‘स्टोन कोल्ड क्रेझी’ म्हणायला आला तो गिटार न घेता. गिटार नसलेला हेटफील्ड म्हणजे लग्नात पिशवी सांभाळायला न दिलेला मामा, हातांचं काय करावं कळत नाही. पण गाणं बघा. क्वीनचं १९७४ चं, आणि मेटॅलिकाने १९९० मध्ये ते स्वतःच्या ढंगाने वाजवून त्यावर ग्रॅमीसुद्धा घेतलेलं. म्हणजे हा पाहुणा म्हणून आलाच नव्हता. गाणं कधीच पळवून नेलेलं आणि आता मालकाच्या घरी येऊन तेच बिनदिक्कत म्हणून दाखवत होता. फ्रेडीची एकही जागा त्याने घेतली नाही. त्याला ती येतच नव्हती, आणि हे त्याला माहीत होतं.

आता रॉबर्ट प्लांट. कागदावर याच्याइतकी चपखल निवड दुसरी नाही. ‘इन्युएन्डो’ हे गाणंच लेड झेपेलिनच्या वळणाचं, आणि झेपेलिनचा गायक दारात उभा. लग्नात पत्रिका जुळावी तशी जुळलेली. आणि झालं काय, तर शब्द सुटायला लागले, वरच्या सुरांशी झटापट सुरू झाली, मध्येच त्याने स्वतःच्या ‘काश्मीर’चा तुकडा ओढून आणला. जणू अनोळखी घरात अंधारात आपलीच चप्पल सापडावी. बाबांनी चहाचा घोट थांबवून विचारलं, "याला पट्टी कोणी दिली?" पट्टी म्हणजे कुठल्या सुरापासून गायचं ते. या प्रश्नात सगळं समीक्षण आलं. फ्रेडीचं गाणं फ्रेडीच्याच गळ्याच्या मापाने शिवलेलं. उंच माणसाने आखूड सदरा घातला तर मनगटं बाहेर येणारच. पुढे ‘क्रेझी लिट्ल थिंग कॉल्ड लव्ह’ त्याने मजेत म्हटलं, खांदे सैल सोडून, तेव्हा मलाच हुश्श झालं.

गंमत अशी की २००२ मध्ये या मैफलीची डीव्हीडी आली त्यात ‘इन्युएन्डो’ नाही. प्लांटनेच काढून टाकायला सांगितलं. आमच्या पट्टे पडणाऱ्या कॅसेटवर मात्र ते अख्खं होतं. मला ते काढल्याचं वाईट वाटतं. एवढा मोठा गायक हजारो लोकांसमोर अडखळतोय आणि तरीही गाणं सोडत नाही, हे बघायला मिळणं कमी आहे का? पबमधल्या त्या पोरापेक्षा मला अडखळलेला प्लांट शंभरदा चालेल.

क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे स्वतः पियानोशी बसून एक गाणं म्हणाला. आवाज बारीक, थरथरता. यावर बाबा काही बोलले नाहीत. घरचा माणूस, घरात सुतक, त्याला मार्क द्यायचे नसतात.

लिसा स्टॅन्सफील्ड डोक्याला कर्लर लावून, व्हॅक्यूम क्लीनर ढकलत आली. ‘आय वॉन्ट टु ब्रेक फ्री’च्या १९८४ च्या व्हिडिओत फ्रेडीने बाईचा वेष करून तेच केलं होतं. आता नीट बघा, ही नक्कलच आहे. पण पुरुषाने केलेल्या बाईच्या नकलेची नक्कल एका खऱ्या बाईने केली की ती पुन्हा सरळ होऊन जाते. आईला या सगळ्याचा पत्ता नव्हता. ती म्हणाली, "ही एकटीच कामाची दिसतेय." त्याआधी सील येऊन अगदी स्थिर उभा राहून गाऊन गेला होता. हात नाही, पाय नाही, नुसता आवाज. त्याच्याबद्दल माझ्याकडे बोलायला काही नाही, इतकं ते बरोबर होतं.

मग डेव्हिड बोवी आणि अ‍ॅनी लेनॉक्स, ‘अंडर प्रेशर’. १९८१ मध्ये क्वीन आणि बोवीने हे मिळून केलेलं, म्हणजे बोवी अर्धा यजमानच. फ्रेडी आणि तो मिळून हे गाणं रंगमंचावर कधीच गायले नाहीत. त्या संध्याकाळी पहिल्यांदा बोवी क्वीनबरोबर ते गायला उभा राहिला, तेव्हा फ्रेडीच्या ओळी गायला ही बाई. बोवी फिकट हिरव्या सुटात, लग्नाच्या रिसेप्शनला आल्यासारखा नीटनेटका. आणि लेनॉक्सच्या डोळ्यांवरून काळा आडवा पट्टा ओढलेला, केस मागे चोपून बसवलेले. कॅमेरा जवळ गेला की त्या काळ्या पट्ट्यातून फक्त डोळ्यांचं पांढरं चमकत होतं. या गाण्यात फ्रेडीने शब्द नसलेल्या कितीतरी जागा पेरल्या आहेत, नुसते हुंकार, आलाप, खेळ. हीच खरी परीक्षा होती. लेनॉक्सने त्या गाळल्या नाहीत आणि उचलल्याही नाहीत. प्रत्येक ठिकाणी तिने स्वतःचं काहीतरी ठेवलं, जास्त रागावलेलं, जास्त काळं. शेवटी ती बोवीला बिलगली तेव्हा बाबा म्हणाले, "हिच्या साथीला बसायला आवडलं असतं." बाबांच्या तोंडी याच्यावरचं प्रमाणपत्र मी ऐकलेलं नाही.

बोवीबरोबर पुढे मिक रॉन्सन आला, त्याच्या जुन्या बँडचा गिटारवाला. यकृताचा कर्करोग झालेला होता, वर्षभरात, एप्रिल १९९३ मध्ये, तो गेला. हे तेव्हा मला माहीत नव्हतं. आता बघताना मी बोवीकडे न बघता त्याच्याकडेच बघत बसते. ‘हीरोज’ संपलं आणि बोवी गुडघे टेकून ख्रिस्ती प्रार्थना म्हणायला लागला. स्टेडियम गप्प. काय चाललंय ते आईला कळलं नाही, कुणीतरी देवाचं म्हणतंय एवढं कळलं. तिने पोळीचं पीठ लागलेले हात जोडले. माझं मत विचाराल तर तो जरा नाटकीपणाच होता. पण नाटकी माणसाच्या श्रद्धांजलीत कुणीतरी नाटकी वागणं भागच होतं.

आणि मग जॉर्ज मायकेल.

मला तो आवडत नव्हता, हे आधीच सांगते. आमच्या ग्रुपमध्ये जॉर्ज मायकेल आवडणं म्हणजे कमीपणा. दाढी कोरलेला, गुळगुळीत, मुलींच्या वह्यांवर चिकटणारा. आधी त्याने ‘थर्टी-नाइन’ म्हटलं. पोरवयात लंडनच्या भुयारी रेल्वेत पैशांसाठी गाताना मी हे म्हणायचो, असं सांगून म्हटलं. मग लिसाबरोबर एक. आणि मग ‘समबडी टु लव्ह’.

मागे चर्चमधली भक्तिगीतं गाणाऱ्या गॉस्पेलवाल्यांचा अख्खा ताफा उभा होता. "झीलकरी बरेच आणलेत," बाबा म्हणाले. पहिल्या ओळीला त्यांनी कप खाली ठेवला. दुसऱ्या कडव्याला पुढे सरकून बसले. मी इतकी वेळ त्यांच्याच सिद्धांताने सगळ्यांना मार्क देत होते, त्यामुळे मला विजय समोर दिसत होता. मी म्हटलं, "बाबा, हा तर फ्रेडीच्याच जागा घेतोय. जशाच्या तशा. भाडं!"

"मागे घे," बाबा म्हणाले.

मागे घेतलं. माइक स्टँडवरून काढून तो लोकांकडे वळतो, बहात्तर हजार हात डोक्यावर जाऊन टाळी धरतात आणि तो त्या टाळीवर हळूहळू चढत जातो, तो तुकडा. पुन्हा मागे घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा तिथे पडद्यावर पांढरी रेघ उमटली, ती पुढे कायमची राहिली. शेवटच्या खोट्या आवाजातल्या त्या वरच्या सुरांपर्यंत गाडी आली की बाबा पेटी नसतानाही मांडीवर उजव्या हाताची बोटं दाबत होते, सूर कुठला आहे ते शोधत. काळी चार, काळी चार (पेटीवरचा चौथा काळा सूर), असं पुटपुटत. शेवटी म्हणाले, "जागा त्याच्याच आहेत खऱ्या. पण हा भाडेकरू वाटत नाही."

म्हणजे नियम मोडला. आणि ज्यांचा नियम, त्यांनीच मोडू दिला. मला तेव्हा फार राग आला, इतरांना एक न्याय आणि याला दुसरा. पुढे कित्येक वर्षांनी वाचलं, की जॉर्ज मायकेलचा जोडीदार, अन्सेल्मो फेलेप्पा, तेव्हा त्याच आजाराने ग्रासलेला होता आणि मार्च १९९३ मध्ये तो गेला. त्या दिवशी स्टेडियममध्ये हे कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे कुणीतरी प्रेम करायला मिळू दे असं म्हणणारं ते गाणं हा मेलेल्या माणसासाठी गात होता की जिवंत असलेल्यासाठी, कुणाला कळणार? हे कळल्यावर बाबांचं म्हणणं जास्त बरोबर वाटतं असंही नाही. बाबांना तर यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी फक्त ऐकलं होतं. तालमीचा व्हिडिओ आता नेटवर सापडतो, जरूर बघा. जॉर्ज मायकेल गातोय आणि मागे बोवी सिगारेट हातात धरून ऐकतोय. बोवीसारख्या माणसाचा चेहरा दुसऱ्याचं गाणं ऐकताना असा झालेला मी कुठे पाहिलेला नाही.

आमची कॅसेट एल्टन जॉनपाशी संपायची. दोन तासांची होती. एल्टन ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा संथ भाग म्हणतो, मधला ऑपेराचा भाग सुरू होतो आणि टप्प. मुंग्या. त्यामुळे पुढे गन्स एन रोझेस या बँडचा गायक ऍक्सल रोज येतो हे मला माहीतच नव्हतं. माझा आतेभाऊ, जो तेव्हा डोक्याला रुमाल बांधून कर्वे रस्त्यावर हिंडायचा, शपथेवर सांगायचा की ऍक्सल आहे त्यात, एल्टनबरोबर आहे. मी त्याला खोटारडा ठरवलं होतं. कारणही होतं. १९८८ च्या एका गाण्यात याच ऍक्सलने समलिंगी लोकांना शिवी घातली होती, आणि एड्सने गेलेल्या माणसाच्या कार्यक्रमात, एल्टनच्या शेजारी, त्याला कोण उभा करेल?

केला होता. डीव्हीडीवर पाहिलं. ऑपेराचा भाग कुणी गायलाच नाही, रेकॉर्डिंगच लावलं, जसं क्वीन स्वतःही रंगमंचावर करायचे. हा मला सगळ्या संध्याकाळीतला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. काही जागांवर कुणी जायचंच नसतं. आणि मग स्फोट, आणि ऍक्सल धावत येतो. त्याचा आवाज घासलेल्या पत्र्यासारखा, त्या ठिकाणी नेमका तसाच हवा असलेला. शेवटी तो आणि एल्टन एकमेकांना धरून उभे राहतात. हे मला पूर्ण पटलं का? नाही. अजून नाही. पण आतेभावाला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, दहा वर्षं लागली.

लायझा मिनेली ‘वी आर द चॅम्पियन्स’ला आली, तेही डीव्हीडीवरच कळलं. फ्रेडी तिचा भक्त होता. तिने ते गाणं ब्रॉडवेच्या पद्धतीने, हात पसरून, वाजत-गाजत म्हटलं. अनेकांना ते खटकतं, मला नाही. पाहुणीने स्वतःच्या घरची साडी नेसून यावं, यजमानाच्या कपाटातली नाही.

कॅसेटला पुढे पुण्याच्या पावसाळ्याने बुरशी लागली. बाबा २०११ मध्ये गेले. त्यांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्या मंडळातल्या लोकांनी घरी छोटा कार्यक्रम केला होता, सगळ्यांनी नारायणरावांची पदं म्हटली, नारायणरावांच्याच जागा घेतल्या, आणि मी कुणालाही काही बोलले नाही.

रविवारी सकाळी लेकीला हे सगळं अर्धंमुर्धं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आम्ही ‘समबडी टु लव्ह’ करू की नको?" त्यांचा गाणारा मुलगा म्हणे वर पोचत नाही, दोन सूर खाली आणायचं चाललंय आणि गिटारवाला कुरकुरतोय. मी स्टूल घेतलं आणि माळ्यावरून बाबांची पेटी काढली. धूळ झटकली, भाता उघडला. भात्याला एक चीर गेली आहे, पण हवा धरते. मूळ पट्टी कुठली ते तिला दाखवायला बोट ठेवलं, तर काळी चार दाबली की दाबलेलीच राहते, नखाने उचलावी लागते.